रंभेची पाठ

एका राज्यात धीरसेन नावाचा राजा होता. त्याचा गड उंच, आणि गड पाहायला देशोदेशीचे प्रवासी येत. रंभा हत्तिणीवरच्या सोन्याच्या अंबारीत बसून ते वर चढत. अंबारी एका जादूगाराने दिलेली. देताना तो म्हणाला होता, "ही खाली उतरली की राज्याची लक्ष्मी गेली." म्हणून ती कधी उतरलीच नाही. दर दसऱ्याला राजा ती जराशी उचलून धरवी आणि जुन्या झुलीवर नवी, भरजरी झूल सरकवी. सारे प्रेमाने, बरे का!

राजाची लेक इंदुलेखा. रंभेने सोंडेने तिचा पाळणा हलवला होता. एकाएकी इंदुलेखेची पाठ वाकू लागली. वैद्य हरले.

तेव्हा खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राजा, अंबारी शापित आहे. रंभेला पेलवेना, तेवढं ओझं तिच्या लाडकीवर उतरतंय. लेकीचं कपाळ भुईला टेकलं, की ती पुन्हा उठायची नाही."

"उपाय सांग."

"तीन कामं. भर उन्हात अनवाणी गड चढ. पायथ्याशी झूल पांघरून प्रवाशांची वाट पाहा. आणि रंभेची पाठ बघ."

राजा गड चढला. तळपाय भाजले.

मग झूल पांघरून उन्हात उभा राहिला. एक सावकारीणबाई आली. "अगंबाई, हा हत्ती फारच लहान!"

"बाई, पायी जा," राजा म्हणाला.

"आणि उद्धटही!"

तिसऱ्या कामाला राजा अंबारीपाशी येऊन थबकला. "हैबती, लक्ष्मी गेली तर?"

हैबती माहूत उखडला. "महाराज, लक्ष्मी इथं उभी आहे. कान हलवतेय. धरा दुसरी बाजू!"

अंबारी भुईला टेकली आणि तिचे कोळसे झाले. एकेक झूल निघाली. सर्वांत खालची निघेना. जखमेला चिकटली होती. इंदुलेखा वाकल्या पाठीने घागर घेऊन आली. राजा कोमट पाणी ओतत राहिला, झूल भिजत राहिली, आणि अखेर सुटली. ती पाठ पाहून राजाने मान खाली घातली.

"रंभे, मी तुला नटवत राहिलो."

रंभेने सोंड त्याच्या खांद्यावर ठेवली. मागे घागर खणकन पडली. राजाने वळून पाहिले. लेक ताठ उभी होती.

"आबासाहेब, हळद आणा," ती म्हणाली. "रडायचं मागाहून."

लक्ष्मी कुठे गेली नाही. प्रवासी येतच राहिले. धापा टाकत गड चढू लागले, आणि उतरल्यावर तळ्यात डुंबणाऱ्या रंभेला पाहून थकवा विसरू लागले.

जखम भरल्यावर साळुंकी रंभेच्या पाठीवर जाऊन बसली. "किती वर्षं ही पाठ शोधत होते," ती म्हणाली, "आज सापडली."

जशी रंभेची पाठ मोकळी झाली, तशी भार वाहणाऱ्या साऱ्या मुक्या पाठी मोकळ्या होवोत.