हेव्याचं टेकाड

एस्टीच्या थांब्यावर पंचायत समितीने एक फलक उभा केला आहे. तालुक्यात गावं किती, माणसं किती, मेंढरं किती, शाळा किती, शिकलेल्या बाया किती, सगळं त्यावर रंगवलेलं. निम्मे आकडे पावसाने धुऊन नेले, तरी आलेला पाहुणा आधी तिथेच थांबून वाचतो. वाचू द्यावं. मग त्याला विचारावं, की बाबा, चहूकडे परातीसारखा सपाट माळ, बाजरी आणि कुसळांखेरीज काही न उगवणारा, त्यात हे एकच टेकाड आलं कुठून? त्याच्या माथ्यावर शाळा, पायथ्याशी तळं, आणि शाळा उघडण्याच्या दिवशी डोक्यावर मातीची टोपली घेऊन चढणाऱ्या बाया. यातलं एक अक्षर त्या फलकावर नाही.

कोनशिलेवर लोक ‘लोककल्याणार्थ’ असं खोदतात. खोदोत बापडे. ही शाळा हेव्यातून उभी राहिली, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चांगुलपणाची वाट बघत बसलो असतो तर अजून बाभळीखाली बसलो असतो.

तळ्याच्या अलीकडे चिलारवाडी, पलीकडे बोरमाळ. असं सांगतात, की संस्थानच्या काळात दोघी सख्ख्या बहिणी एकाच मांडवात उजवल्या. थोरली केराबाई चिलारवाडीला पडली, धाकटी हौसाबाई बोरमाळला. केराच्या आडाचं पाणी मचूळ, डाळ शिजायची नाही. हौसाच्या आडाचं पाणी साखरेसारखं. एवढंच कारण, पण ज्या बाईला रोज तीनदा मचूळ पाणी शेंदायचं असतं, तिला ते एवढंसं वाटत नाही. प्रत्येक घागरीबरोबर केराला बहिणीचा आड आठवे. हौसाही काही गरीब गाय नव्हती. सणावाराला थोरलीकडे यायची ती घरून पाण्याचा तांब्या भरून घेऊन. म्हणायची, “आक्का, तुमचं पाणी मला सोसत नाही गं.” असं करता करता दोघी नातवंडांच्या आज्या झाल्या, पण तो तांब्या केराच्या घशातून काही खाली उतरला नाही.

अशात संस्थानचा कारभारी घोड्यावरून आला. दोन वाड्यांना मिळून एक मास्तर देतो म्हणाला. मधून ओढा जातो, त्याला पूर येतो, तेव्हा शाळेचं जोतं उंच हवं. ज्या वाडीचं जोतं उंच, तिला मास्तर. एवढं बोलून त्याने घोडा वळवला. किती उंच, ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

बोरमाळने गुडघाभर जोतं घातलं. ते बघून केराने पदर खोचला आणि चिलारवाडीच्या बायांना घेऊन कमरेएवढं घातलं. बोरमाळने छातीएवढं केलं. माती आणायची कुठून, तर दोन्ही वाड्यांच्या मधल्या गायरानातून. हे अलीकडून खणत, ते पलीकडून. सकाळी उठून केरा आधी देवाला नव्हे, बोरमाळच्या ढिगाला बघायची. तो वितीने वाढलेला दिसला, की घरातल्या सगळ्यांच्या भाकरी करपायच्या. पुरुष म्हणत, आता पुरे. ती म्हणायची, हौसा माझ्या डोक्यावर उभी राहून मला बघणार असेल तर पुरे कसं? ओढ्यात आलं नसेल एवढं पाणी त्या बायांच्या कपाळावरून वाहिलं असेल. बघता बघता माळावर दोन टेकाडं उभी राहिली आणि मध्ये एक मोठा खड्डा पडला.

मग मास्तर आला. नाव त्याचं विठ्ठलपंत सांगतात, कोणी त्रिंबकपंतही म्हणतं. त्याने हे टेकाड पाहिलं, ते टेकाड पाहिलं, आणि विचारलं, “शाळा कुठं आहे?”

तेव्हा कुठे दोन्ही वाड्यांच्या ध्यानात आलं, की जोत्याच्या नादात भिंत कोणी घातलीच नाही.

मास्तर हसला नाही म्हणे, हीच त्याची थोरवी. दोन्ही टेकाडांवर ऊन मी म्हणत होतं, सावली होती ती फक्त खड्ड्यात. तो खाली उतरला आणि खड्ड्यातच शाळा भरवली. पहिल्या दिवशी मुलगेच आले. दुसऱ्या दिवशी हौसाने आपली नात आणून बसवली. त्या काळी पोरींना शाळेत कोण धाडत होतं? केराच्याही ते स्वप्नात नव्हतं. पण हौसाची नात बसली हे कानावर पडताच तिने शेणात हात घातलेल्या सगुणीला, आपल्या नातीला, ओढ्यावर धुतली आणि ओल्या केसांनी नेऊन पहिल्या रांगेत बसवली. हौसाच्या नातीच्या पुढे. मग दोन्ही वाड्यांतल्या बाकीच्या बाया तरी मागे कशाला राहतील?

पावसाळा आला. ओढा चिलारवाडीच्या अंगाने फुटला आणि खड्ड्यात शिरला. मास्तरने पोरं उठवली, आणि पाणी अलीकडून येत होतं म्हणून सगळी पलीकडे, बोरमाळच्या टेकाडावर चढवली. एकही पोर दगावलं नाही. खड्ड्याचं तळं झालं ते झालंच. मास्तर म्हणाला, आता शाळा इथंच, भिंती दोघांनी मिळून घाला.

केराला घास गोड लागेना. सगुणीला पाठवावी, तर ती हौसाच्या मातीवर बसणार, हौसाने थापलेल्या, हौसाने चोपलेल्या मातीवर. घरी ठेवावी, तर हौसाची नात शिकून पुढे जाणार आणि सगुणी शेणात. एका हाताला इंगळी, दुसऱ्या हाताला विस्तव. चार दिवस तिने सगुणीला घरीच ठेवलं. शेजारणी म्हणाल्या, सोडा आता आक्का, माती ती माती. केरा म्हणाली, ज्यांनी उपसली नाही त्यांना माती ती माती.

पाचव्या दिवशी तिने शपथ घेतली, की माझी नात शिकेल, पण हौसाच्या मातीवर बसणार नाही. चुंबळ केली, आपल्याच टेकाडाची माती टोपलीत भरली, टोपली डोक्यावर घेतली, आणि तळ्याला वळसा घालून बोरमाळचं टेकाड चढू लागली. म्हातारं हाड, ओली माती, निसरडी चढण. वर हौसा उभीच होती. केरा चढली खरी. पण भरली टोपली एकटीने डोक्यावरून उतरत नाही, दुसरा हात लागतोच.

हौसा पुढे झाली.

“हात लावू नकोस,” केरा म्हणाली.

“मग उभी रहा तशीच, संध्याकाळपर्यंत.”

केरा उभी राहिली. मान लटपटू लागली, घाम डोळ्यांत उतरला. मागे उघड्यावरच पोरं मोठ्याने उजळणी म्हणत होती. हौसा जवळ आली आणि तिने टोपलीच्या कडेखाली हात घातला. तो हात केराने झटकला नाही. झटकला असता तर माती सांडली असती.

सगुणीच्या जागेवर ती माती पसरून, थापून, केरा म्हणाली, “माझी माती वर आली. आता तुझी खाली.”

हौसा म्हणाली, “उद्या बघ.”

दुसऱ्या दिवशी हौसाने आपल्या अंगणातल्या मातीची टोपली आणली. तिसऱ्या दिवशी केराने दोन आणल्या. मग दोन्ही वाड्यांच्या बाया लागल्या. असं करता करता चिलारवाडीचं अख्खं टेकाड टोपल्याटोपल्यांनी तळ्यापलीकडे गेलं. जिथे ते होतं तिथे आज नुसतं सपाट खळं आहे. आणि नवल असं सांगतात, की तळ्याचं पाणी झिरपून चिलारवाडीचा मचूळ आड गोड झाला. केराने तांब्याभर पाणी बहिणीकडे धाडलं, सोबत निरोप, की पिऊन बघ, सोसतं का. हौसाने तांब्या रिकामा परत केला. पाणी प्यायली की ओतलं, ते कोणालाच ठाऊक नाही.

आजही शाळा उघडण्याच्या दिवशी पहिलीत जाणाऱ्या पोराची आई आपल्या अंगणातली माती घेऊन टेकाड चढते. चिलारवाडीची टोपली बोरमाळच्या बाईने उतरवायची, बोरमाळची चिलारवाडीच्या. आपल्या माणसाने हात लावायचा नाही, असा दंडक. नवे गुरुजी बदलून येतात आणि म्हणतात, सिमेंटची फरशी आहे, माती कशाला? बाया ऐकून घेतात आणि फरशीच्या कडेला माती ओततात. टेकाड अजून वाढतंय. दर काही वर्षांनी एक पायरी नवी बांधावी लागते. पोरगी घरी ठेवली, असं या दोन वाड्यांत होत नाही, कारण पलीकडची गेलेली असते.

आणि टोपलीला हात घालताना उतरवणारीने आजही विचारायचं, “दमलीस का गं?”

आणि मान कितीही लटपटत असो, टोपलीखालचीने म्हणायचं, “तुझ्याएवढी नाही.”