पवळीच्या शिंपल्यातलं मीठ

समुद्राच्या काठी, जिथं भरतीचं पाणी मिठागरात शिरून आरशासारखं लखलखतं, तिथं खाजणपूर नावाचं गाव होतं. त्या गावात पवळी नावाची पोर राहायची. एकटीच. झोपडी इवलीशी, चूल इवलीशी, चुलीवर इवलंसं मडकं आणि मडक्यात पेज. पेज आळणी. कालही आळणी, आजही आळणी. मिठागराच्या काठावर राहायचं आणि आळणी खायचं! ऐकून राग येतो ना? यायलाच पाहिजे. ज्याला येत नाही त्यानं खुशाल उठून जावं.

हे सगळं केलं राजानं. पूर्वी संध्याकाळी गावची माणसं मिठागराच्या बांधावर बसायची. आभाळ केशरी व्हायचं, पाणी गुलाबी व्हायचं, गप्पा रंगायच्या. एकदा कुणीतरी म्हणालं, "आपला बांध फुटलाय, त्याला राजाकडं पैसा नाही. मग वाड्यावर सोन्याचा कळस आला कुठून?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं राजाच्या कानावर गेलं आणि तो घाबरला. राजे घाबरले की फार वाईट वागतात. ही माणसं अशीच एकत्र बसत राहिली तर आपली गादी टिकत नाही, हे त्याला बरोबर कळलं. तेवढी अक्कल असते असल्यांना.

मग त्यानं सगळं मीठ किल्ल्यात कोंडलं आणि मिठागरातून चिमूटभरही उचलायला बंदी केली. किल्ल्याच्या भिंतीला एक खिडकी पाडली आणि दवंडी पिटवली, "ज्याला मीठ पाहिजे त्यानं खिडकीवर यावं, शेजाऱ्याची एक गोष्ट सांगावी, मूठभर मीठ न्यावं."

आधी कुणी गेलं नाही. मग मासळी सडली, कैऱ्या नासल्या, लेकरं ताटावरून उठून जायला लागली. एक जण गेला. त्यानं आपल्याबद्दल काय सांगितलं असेल, या भीतीनं दुसरा गेला. मग रांगच लागली. बांध ओस पडला. शेजारीण दिसली की बायका दार लावून घ्यायच्या. राजाकडं शिपाई मोजकेच होते, पण जास्त लागलेच नाहीत. गावच गावावर पहारा करत होतं.

पवळीची आई सगुणा खिडकीवर कधी गेली नाही. "दुसऱ्याच्या घराला आग लावून आणलेलं मीठ माझ्या घशाखाली उतरायचं नाही," म्हणायची. एका दुपारी टोपाजी शिपाई आला. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. सगळ्या आळीला ऐकू जावं म्हणून मुद्दाम ओरडला, "सगुणाबाई, चल! तू महाराजांना भित्रा म्हणालीस. ठकूबाईनं सांगितलंय!"

ठकूकाकू म्हणजे पलीकडच्या झोपडीतली. पवळीला तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं. पवळीनं तिच्याकडं पाहिलं, तर तिनं दार लावून घेतलं.

"रडू नकोस, बाय," जाताना आई एवढंच म्हणाली. किल्ल्यात नेलेल्या माणसांना भर उन्हात मिठाच्या पाट्या ओढायला लावायचे. तिथून परत आलेलं माणूस अजून कुणी पाहिलं नव्हतं. पवळीनं रडायचं नाही असं ठरवलं, आणि रोज रडली.

एकदा सरपण आणायला ती केवड्याच्या बनात गेली. बन हिरवंगार, वास असा गोड की जीव हलका व्हावा. तेवढ्यात केवड्याच्या काटेरी पातीत काहीतरी चमचमलं. जवळ जाऊन बघते तर काय, बोटाएवढी चिमुकली परी! अंगात मोतिया झगा, केसांत दवाचे मणी, आणि चतुराच्या पंखांसारखे निळेजांभळे नाजूक पंख काट्यांत अडकलेले.

"हलू नका हं, पंख फाटतील," पवळी म्हणाली. एकेक काटा तिनं हळूच बाजूला केला. बोटं ओरबाडली, रक्त आलं, पण पंखाला ओरखडा येऊ दिला नाही.

परी भुर्रकन उडून तिच्या तळहातावर बसली. "काय देऊ तुला, बाळ?"

"माझी आई."

परीचा उजेड थोडा मंद झाला. "लोखंडाला माझा हात लागत नाही गं. किल्ल्याचं कुलूप मला उघडता येत नाही. पण हे घे." तिनं टिकलीएवढा गुलाबी शिंपला दिला. पवळीच्या हातात येताच तो वाटीएवढा झाला. आत पांढरंशुभ्र, चमचमतं मीठ. "हे कधी संपायचं नाही. पण नीट ऐक. आधी दुसऱ्याच्या हातावर ठेवायचं, मग आपल्या ताटात. त्याच्या बदल्यात कुणाकडून काही घ्यायचं नाही, काही ऐकायचंसुद्धा नाही. आणि जो हात पुढं करील त्याला द्यायचं, मग तो कुणीही असो. एकदा जरी तू नाही म्हणालीस, तर याची वाळू होईल."

"यानं आई येईल?"

"राजाचं बळ कशात आहे ते तू पाहिलंयस," परी म्हणाली, आणि जुईच्या कळ्यांसारख्या ठिणग्या उडवत बनात नाहीशी झाली.

पवळी सगळ्यात आधी रखमाआत्याकडं गेली. म्हातारीनं मीठ बघितलं आणि सवयीनं तोंड तिच्या कानाशी नेलं. "सांगते हं. तो पांडू आहे ना, परवा महाराजांना..."

"नको आत्या! काही सांगू नका!" पवळीनं दोन्ही कान झाकले. "मीठ असंच आहे."

"असंच?" म्हातारीनं विचारलं. "म्हणजे कुणाचंच काही सांगायचं नाही?"

"नाही."

रखमाआत्या मिठाची चिमूट हातात धरून दारातच बसली. "पोरी," ती म्हणाली, "पांडू काही बोललाच नव्हता गं. खिडकीवर मी दरवेळी मनानं रचून सांगते." आणि तोंडाला पदर लावला.

हळूहळू दारं किलकिली व्हायला लागली. हात पुढं यायला लागले. काळे, गोरे, कोळंबीचा वास येणारे, जाळ्याच्या दोरीनं चरे पडलेले. शिंपला काही रिकामा होईना. खिडकीवरची रांग आखूड होत गेली. दारं उघडी राहायला लागली, आणि उघड्या दारातून माणसं एकमेकांना "जेवलास का?" असं विचारायला लागली.

आणि मग ठकूकाकू आली.

पवळीचे ओठ घट्ट मिटले. त्यांच्यामागं 'नाही' हा एकच शब्द उभा होता. तो तोंडातून सुटला असता तर शिंपल्यात वाळू झाली असती, सगळं गाव परत खिडकीवर गेलं असतं आणि आई कायमची किल्ल्यातच राहिली असती. पवळीला हे कळत होतं. पण राग असल्या कळण्याला भीक घालत नाही.

ठकूकाकूनं हात पुढं केलाच नाही. तो पदराखालीच ठेवला. "नको देऊस, बाय," ती म्हणाली. "मी सांगायला आले. माझा हरबा आत आहे ना. टोपाजी म्हणाला, एक नाव दे, पोराला सोडतो. मला दुसरं नाव सुचेना. तुझी आई सगळ्यात जवळ राहायची."

"सोडलं हरबादादाला?"

"कुठलं सोडतोय मेला."

पवळीला हुंदका आला. "मला तुझा राग आहे, काकू. खूप खूप राग आहे."

"असू दे. तो राहू दे."

"पण हात कर पुढं."

ठकूकाकूनं हात पदराबाहेर काढला, पण मूठ धरायची विसरली आणि निम्मं मीठ खाली सांडलं. पवळीनं पुन्हा घातलं. शिंपला पहिल्यापेक्षा जास्त चमकला, पण पवळीचं तिकडं लक्ष नव्हतं. ती रडत होती.

आता खिडकीवर कुणीच येईना. कुणी काही सांगेना, म्हणून शिपायांनाही मीठ मिळेना. राजाचा कायदाच तसा होता, खबर नाही तर मीठ नाही. शेवटी एका दुपारी टोपाजी पवळीच्या दारात उभा राहिला. मिशा खाली उतरलेल्या.

"बायको आठवडाभर बोलत नाही," तो पुटपुटला. "पोरं म्हणतात, बाबा, सगळ्या गावाच्या ताटात मीठ आहे, आपल्याच का नाही?"

हात मात्र त्यानं पुढं केला. पवळीनं डोळे मिटून त्यावर मीठ ठेवलं. टोपाजीनं तळहाताकडं बघितलं. "काय सांगू याच्या बदल्यात?"

"काही नाही. जा तुम्ही."

तो गेला. पण वाड्यावर गेला नाही, घरी गेला. मग एकेक करून बाकीचे शिपाईही तसेच घरी गेले.

मग राजा स्वतःच खिडकीत येऊन बसला. मागं मिठाचा डोंगर, डोक्यावर मुकुट. "अरे, कुणीतरी काहीतरी सांगा रे!"

एक म्हातारा कोळी थांबला. "काय सांगू, महाराज? आज बोंबील बरे मिळाले."

"एकेकाला आत टाकीन!"

"कोण टाकणार?" म्हाताऱ्यानं अगदी साधं विचारलं.

राजानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. तो खिडकी लावून आत गेला आणि मागच्या दारानं होडीत बसून कधी निघून गेला, ते कुणी पाहिलं नाही. गावाला तेव्हा त्याहून मोठं काम होतं. किल्ल्याच्या चाव्या राजाकडं कधी नव्हत्याच, त्या टोपाजीच्या कमरेला होत्या. त्यानं मान खाली घालून त्या काढल्या आणि दार उघडलं.

माणसं बाहेर आली. सगळी नाही. पाय मिठानं चिरलेले, कातडी पांढरी पडलेली. पवळीची आई भिंत चाचपत आली. पांढऱ्या मिठावरची उन्हाची तिरीप रोज डोळ्यांत जाऊन तिची नजर गेली होती.

"आई!"

सगुणानं तिचा चेहरा बोटांनी चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी. पवळी तिच्या कुशीत शिरली.

ठकूकाकू दाराकडं बघत होती. शेवटचा माणूसही बाहेर आला. "सगुणे," ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझा हरबा?"

सगुणा आवाजाच्या दिशेनं वळली. "माझ्या शेजारीच पाट्या ओढायचा. तापानं गेला गं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सारखा विचारायचा, आई बरी असेल ना?"

ठकूकाकू पुढं सरकली. "मी... मी त्याच्यासाठी तुझं नाव..."

"ठाऊक आहे मला. सगळ्या आळीनं ऐकलं होतं."

"त्याला कळलं?"

"नाही," सगुणा म्हणाली. "त्याला मी नाही सांगितलं."

ठकूकाकू मटकन खाली बसली.

तेवढ्यात पवळीच्या हातातला शिंपला उजळला. आत परी उभी होती. तिचे पंख मोरपिसासारखे झळकत होते, पण डोळे ओले होते. "पवळी, तू एकदाही नाही म्हणाली नाहीस. आता तुझ्यासाठी काहीतरी माग."

पवळीनं आईच्या विझलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. मग खाली बसलेल्या काकूकडं पाहिलं. "हरबादादाला परत आण," ती म्हणाली.

"तेवढं मला येत नाही, बाळ. दुष्ट राजे जे मोडतात, ते सगळं पऱ्यांना जोडता येत नाही." परीनं इवल्याशा हातानं डोळे पुसले. "पण तू आताही आधी दुसऱ्याचंच मागितलंस. म्हणून तुझ्या मनातलं मी न मागता देते. माझा सगळा उजेड लागेल त्याला. मग मी पुन्हा दिसणार नाही."

ती उडाली आणि सगुणाच्या पापण्यांवर जाऊन बसली. सोनेरी, गुलाबी, समुद्रासारखा निळा, असा उजेड फुलत फुलत गेला. परी त्यात साखरेसारखी विरघळली. उजेड ओसरला तेव्हा शिंपला रिकामा होता आणि सगुणाच्या डोळ्यांत नजर होती.

तिनं आधी पवळीला बघितलं. "किती वाळलीस गं!" मग ती ठकूकाकूजवळ गेली आणि दंडाला धरून तिला उठवलं.

"हरबाला कुठं ठेवलंय ते मला ठाऊक आहे. मीच माती लोटली. चल, वाट दाखवते."

पवळीनं काकूचा दुसरा हात धरला, आणि तिघी जणी किल्ल्याच्या उघड्या दारातून आत गेल्या.