झलमानच्या हातची मुरड

एकदा एक सुगरण म्हातारी रशियातल्या नदीकाठच्या एका गावात राहत असे. तिचं नाव फ्रुमा. गावातल्या ज्यू घरांतल्या निम्म्या सुना तिच्याकडे स्वयंपाक शिकल्या होत्या. उरलेल्या निम्म्या आपण तिच्याकडे शिकलोच नाही असं सांगत, पण चव काही लपत नसे. तिची शिकवण्याची रीत मात्र अजब होती. मीठ किती, असं विचारलं की ती म्हणे, "पुरेल इतकं." शिजवू किती वेळ? "शिजेपर्यंत." यावर चिडणारी शिष्या टिकत नसे, हसणारी टिके.

लेया टिकली होती. पण हल्ली तिचंही हसू मावळलं होतं. दीड महिन्यापूर्वी तिच्या सासूबाई वारल्या आणि तेव्हापासून सासरे झलमान यांनी अन्नावरची वासनाच सोडली. दोन घास खायचे, ताट सारायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. असंच चाललं तर हे हा हिवाळा काढणार नाहीत, असं वैद्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

ज्यू लोकांत एक सुंदर रिवाज आहे. घरात मृत्यू झाला की सात दिवस घरची माणसं शोकाला बसतात आणि शेजारीपाजारी त्यांना जेवू घालतात. झलमान गावाचे लाडके शिंपी. सात दिवस सरले, सहा आठवडे सरले, तरी कोंबडीचा रस्सा आणि बीटाचं सूप येतच राहिलं. लेया तर त्यांना पाण्याचा पेलाही उचलू देत नसे. प्रेम करायला बसलेल्या माणसांना थांबायचं कुठे हे कोण सांगणार?

शेवटी लेया फ्रुमाकडे गेली. "मावशी, सासूबाई करायच्या तशा वारेनिक्या मला शिकवा. निदान त्या तरी बाबा खातील."

वारेनिकी म्हणजे आपल्या करंजीची पाण्यात पोहणारी बहीण. आत बटाटा आणि परतलेला कांदा, कडेला मुरड, आणि तळायच्या ऐवजी उकळत्या पाण्यात सोडायची.

"शिकवते," फ्रुमा म्हणाली, "पण तुझ्या घरी. आणि सासऱ्यांच्या खाटेशेजारी."

दुसऱ्या दिवशी खाटेला टेबल लावून दोघी बसल्या. आणि पंचक्रोशीत जिच्या हाताची ख्याती, त्या फ्रुमाने असा काही घोळ घातला की लेया पाहतच राहिली. सारण ठासून भरलं, कडांना पाण्याचं बोटही लावलं नाही, मुरड तर कशीबशी चिमटली. पहिला घाणा पाण्यात पडला आणि भांड्यात बटाट्याची पेज झाली.

"मावशी, कडा सुटताहेत," लेया कुजबुजली.

"सुटू देत," फ्रुमा मोठ्याने म्हणाली आणि दुसरा घाणाही तसाच भरू लागली. म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशी शंका लेयाला आली.

खाट करकरली. झलमान कुशीवर वळले होते.

"ही काय रीत झाली, फ्रुमाबाई? अशाने कडा सुटणार नाहीत तर काय?"

"मला असंच जमतं."

"चाळीस वर्षं ती पाऱ्या लाटायची आणि मुरड मी घालायचो. कधी एक फुटली नाही!" त्यांचा आवाज चढला. "आणा ते इकडे. लेया, वाटीत पाणी दे. आणि पारी पातळ लाट, ही काय भाकरी आहे?"

ते उठून बसले. बोटांत जोर नव्हता, तरी मुरड मात्र शिंप्याची पडत होती, टाक्याला टाका. तिसरा घाणा पाण्यात गेला आणि अखंड वर आला. झलमाननी पहिली वारेनिकी लेयाला वाढली, दुसरी स्वतः खाल्ली. डोळे भरून आले. "मिरी कमी पडली. ती जास्त घालायची," असं म्हणत त्यांनी आणखी एक घेतली, मग आणखी एक.

लेया फ्रुमाला निरोप द्यायला अंगणात आली. "मावशी, तुम्ही मुद्दाम बिघडवलंत?"

"पोरी," फ्रुमा म्हणाली, "सात दिवस माणसाला भरवावं, कारण तेव्हा त्याचे हात गळलेले असतात. आठव्या दिवशी त्या हातांत काम द्यावं. तुम्ही मायेने त्याला सहा आठवडे पाहुणा करून ठेवलंत. ज्या घरात आपल्यावाचून काही अडत नाही, तिथे घास उतरत नाही गं."

लेया आत आली. झलमान टेबल पुसत होते. फडकं नीट धरवत नव्हतं. 'राहू द्या बाबा, मी करते,' हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले.

"त्या कोपऱ्यात पीठ राहिलंय, बाबा," ती म्हणाली.