मशालींची सभा आणि एक निरांजन

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की आपली पृथ्वी तेव्हा अजून निवायची होती आणि गोष्ट ऐकायला इथे कोणीच नव्हतं. आकाश मात्र तेव्हाही नांदतं होतं. एका ताऱ्यापाशी दगडी अंगाचे लोक राहत, दुसऱ्यापाशी पाण्याच्या अंगाचे, तिसऱ्यापाशी पिसांचे. आणि सगळ्यात टोकाला, जिथे आकाश संपतं असं बाकीच्यांना वाटे, तिथल्या एका मिणमिणत्या ताऱ्यापाशी धुक्याचे लोक राहत.

दगडी लोकांत एक बहीण होती. तिच्या पाठचा एकच भाऊ, धाकटा. म्हणून तिला सगळे थोरली म्हणत. हा धाकटा धुक्याच्या एका मुलीवर जीव जडवून बसला आणि तिच्या घरी घरजावई होऊन गेला. दगडी लोकांनी नाकं मुरडली. "दगडासारखा दगड, आणि धुक्यात जाऊन राहतो म्हणे," असं लोक म्हणाले. थोरलीने त्याला वाटेची शिदोरी बांधून दिली आणि घरातल्या दोन निरांजनांपैकी एक त्याच्या हाती ठेवलं.

दगडी लोकांची एक रीत होती. वर्षातून एकदा बहीण भावाला ओवाळी. भाऊ समोर नसेल, तर तो जिकडे असेल तिकडे तोंड करून ती निरांजन तीनदा फिरवी, आणि भावाने तिकडून आपलं निरांजन तीनदा फिरवायचं.

आता आकाशातली अंतरं काही वेशीपासून वेशीपर्यंत नसतात. इथली ज्योत तिथे दिसायला कित्येक वर्षं जात. थोरली आज ओवाळी ते धाकट्याला दिसेपर्यंत तिच्या खांद्यावर शेवाळ चढे, आणि तिला दिसे ती त्याच्या तरुणपणातली ज्योत. तरी त्या दिवशी ती सकाळपासून काही खात नसे. संध्याकाळी टोकाच्या ताऱ्याजवळ एक ठिपका उगवे, तीनदा गोल फिरे, आणि विझे. तेवढ्यावर तिचं वर्ष निघे. भाऊ कसा दिसत असेल, अजून जेवताना हसतो का, आपला आवाज त्याला आठवतो का, यातलं काहीच तो ठिपका सांगत नसे. पण आहे, एवढं सांगे.

एके वर्षी एक म्हातारा धूमकेतू सगळ्यांच्या दारावरून ओरडत गेला. "अंधारापलीकडून एक फौज निघाली आहे. वस्ती दिसली की गिळते. सांभाळा." कोणाची फौज, कशी आहे, हे विचारायच्या आत तो पुढे गेलासुद्धा. धूमकेतूंना कुठे थांबायची सवय नसते.

मग सगळ्या पारांवर एकच विषय सुरू झाला. फौज आलीच, तर सगळ्यात जास्त हाल कोणाचे होतील?

आधी सगळ्यांनी हात झटकले. दगडी लोकांचा मुखिया म्हणाला, "आम्हाला चावून त्यांचेच दात पडतील. हाल पाणलोकांचे. एका घोटात संपतील बिचारे."

पाणलोकांचा मुखिया म्हणाला, "काठी मारून पाणी कधी दुभंगलंय का? हाल पिसांच्या लोकांचे."

पिसांचे लोक म्हणाले, "आम्ही केव्हाच उडून जाऊ. तुम्ही तुमचं बघा."

इतक्यात कोणाला तरी एक पोकळ चंद्र सापडला. जाड कवचाचा, आत शिरलं की बाहेर मागमूस नाही असा. पण त्यात मावणार होते एकाच जातीचे लोक. सगळे मुखिये त्याच्या दारात जमले आणि न्याय ठरला, की ज्यांचे हाल सगळ्यात जास्त होणार असतील, चंद्र त्यांना मिळेल.

हे ठरलं मात्र, सगळ्यांच्या बढाया एका दमात उलट्या फिरल्या. कालपर्यंत फौजेचे दात पाडणारा दगडी मुखिया गहिवरून म्हणाला, "उन्हामागून थंडी पडली तरी आम्हाला तडे जातात हो." पाणलोकांचा मुखिया म्हणाला, "चिमूटभर मातीने आमची पोरं गढूळ होतात." पिसांच्या मुखियाला तर बोलवेचना, तो नुसती पिसं गाळून दाखवत होता.

या सभेचा एक नियम होता. ज्याचा दावा असेल त्याने मशाल पेटवून उभं राहायचं. मशाल विझली की दावा संपला. त्यामुळे एकही मुखिया जागचा हलेना. तेल संपत आलं की घरून तेल मागवायचे, पुन्हा रडगाणं सुरू. अशी कित्येक वर्षं गेली. फौज काही आली नव्हती, पण त्या दारातला उजेड दूरदूरवरून दिसू लागला होता.

त्या वर्षी ओवाळण्याचा दिवस आला. थोरलीने तीन फेरे पूर्ण केले आणि टोकाच्या ताऱ्याकडे पाहत उभी राहिली. ठिपका उगवला. एक फेरा झाला. दुसरा अर्ध्यावर आला, आणि ठिपका विझला.

थोरली तारा मावळेपर्यंत तिथेच उभी होती. मग हातातलं निरांजन तसंच घेऊन ती सभेत गेली.

"सगळ्यात जास्त हाल कोणाचे, ते ठरवताय ना?" ती म्हणाली. "मग धुक्याच्या लोकांचं काय? त्यांच्यातलं इथे कोणीच नाही."

"त्यांची मशाल कुठे आहे?" दगडी मुखियाने विचारलं.

"त्यांना सभेचा निरोपसुद्धा पोचला नसेल अजून."

"मग त्यांचा दावाच नाही."

"तुम्ही होतील, होतील म्हणताय. त्यांचे हाल होऊन गेलेत," थोरली म्हणाली. "माझ्या भावाची ज्योत अर्ध्यात विझली. ती मला आज दिसली, पण विझली कित्येक वर्षांपूर्वी. आपण सगळे इथे भांडत होतो तेव्हा."

दगडी मुखियाने मशाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "वाऱ्याने विझली असेल, बाई. जो गेला तो गेला. तू आपल्या लोकांचं बघ की. जरा रडून दाखव, दावा बळकट होईल."

थोरलीला रडू येत होतंच. पण या सभेत ते मोजलं गेलं असतं, म्हणून ती रडली नाही. ती निघाली ती थेट दगडी लोकांच्या मुलखाच्या शेवटच्या खडकावर जाऊन बसली. टोकाकडून कोणी वाचून येत असेल, तर त्याला वाट दिसावी म्हणून तिने निरांजन लावलं, आणि ते विझू दिलं नाही.

किती काळ गेला कोण जाणे. शेवाळ तिच्या गळ्यापर्यंत आलं. मग एकदा समोरच्या अंधारात काहीतरी पांढुरकं हललं. धुक्याचे लोक होते. थोडेच उरले होते. सगळ्यात पुढे एक बाई होती आणि तिच्या हातात थोरलीच्याच घरचं दुसरं निरांजन होतं.

"वन्सं, आधी ते विझवा," जवळ येताच बाई म्हणाली.

थोरलीने आपल्या भावजयीला पहिल्यांदा पाहिलं ते असं. तिने फुंकर मारली आणि अंधारातच विचारलं, "तो?"

भावजय खाली बसली. "ती फौज आंधळी आहे, वन्सं. ताऱ्यांकडे ढुंकून बघत नाही. पण कोणी हाताने लावलेला दिवा तिला बरोबर दिसतो. आमच्या शेजारच्या वस्त्या तशाच गेल्या. आम्हाला हे कळलं त्याच दिवशी ओवाळायचं होतं. मी म्हटलं, या वर्षी राहू दे. ते म्हणाले, ताई उपाशी बसली असेल, लवकर लवकर फिरवतो."

"मग?"

"दीड फेरा झाला आणि त्यांच्या मनात आलं, की या ज्योतीचा माग काढत फौज तुमच्यापर्यंत पोचेल. त्यांनी स्वतःच फुंकर मारली. पण तेवढा उजेड फौजेला पुरला. आम्ही धुकं, आम्ही पांगलो." तिने हातातलं निरांजन थोरलीपुढे धरलं. "दगडाला पांगता येत नाही, वन्सं."

थोरलीने ते दुसरं निरांजन हातात घेतलं, पदराने पुसलं आणि भावजयीला परत दिलं. "चल," ती म्हणाली. "मागून फौज येत असेल."

दोघी सभेत पोचल्या तेव्हा मशाली पूर्वीपेक्षा मोठ्या झाल्या होत्या. थोरलीने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "विझवा. एवढंच करायचं आहे. मग चंद्रही नको आणि काही नको."

मुखियांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आधी त्यांनी विझवावी," पाणलोकांचा मुखिया म्हणाला.

"म्हणजे आमचा दावा जाईल आणि तुमचा राहील," पिसांचा मुखिया म्हणाला.

दगडी मुखिया थोरलीच्या कानाशी वाकला. "युक्ती चांगली आहे तुझी. त्यांची विझू दे, मग आपण आत शिरू."

थोरलीने त्याला समजावण्यात वेळ घालवला नाही. ती दारोदार गेली. दगडी वस्तीत ती गेली, पाणलोकांकडे भावजय गेली, पिसांच्या झाडांवर बाकीचे धुक्याचे लोक गेले. "तुमच्यातलं कोण दूर आहे? त्याच्यापर्यंत उजेडाचा माग जाऊ नये म्हणून आज चूल विझवा," असं ते सांगत. ज्यांचं कोणीच दूर नाही, अशी घरं थोडीच होती. आणि ज्यांचं कोणी ना कोणी दूर होतं, त्यांना जास्त सांगावं लागलं नाही. एकेक खिडकी काळी होत गेली.

फौज आली. विझलेल्या वस्त्यांवरून ती सरसर निघून गेली आणि सरळ मशालींकडे वळली. सभेतले आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होते, आणि तेव्हाही ते म्हणत होते, आधी त्यांनी विझवावी. फौजेने मशाली गिळल्या, मशाली धरणारे गिळले, पोकळ चंद्रही गिळला. पुढे कुठेच दिवा दिसेना, तशी ती अंधारात चालत गेली ती कायमची. सगळ्यात जास्त हाल कोणाचे होतील, या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

पुढच्या ओवाळण्याच्या दिवशी थोरली पुन्हा त्या खडकावर उभी राहिली. तिने आजवर ओवाळलेल्या कितीतरी ज्योती अजून वाटेतच होत्या, एकीमागून एक टोकाकडे चालल्या होत्या, आणि तिथे पाहायला कोणी नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. तरी तिने तीन फेरे पूर्ण केले आणि सवयीने टोकाकडे पाहत राहिली.

तिकडे काहीच उगवलं नाही. मग शेजारी उजेड झाला. भावजयीने धाकट्याचं निरांजन लावलं होतं. तिने त्याचा राहिलेला दीड फेरा पूर्ण केला, आणि त्या दिवशी थोरली जेवली.

लहानांनो, आणि लहानांच्या आईबापांनो, एवढं गाठीला बांधा: आपलंच दुःख मोठं म्हणून मशाल धरून बसू नये; जो सभेला येऊ शकला नाही, त्याचं आधी विचारावं.