ओ न देणारी

“आजोबा, सांगा ना, बुवांनी त्या हेडमास्तरला काय करायला लावलं?”

गल्लीतल्या पोरांनो, किती वेळा सांगायचं? माझा घसा काय भाड्यानं आणलाय? दुसरीसुद्धा धड झाली नाही माझी, आणि म्हणे लिहून द्या. घ्या. एकदाच.

माझी नात गोदावरी, सहा वर्षांची. कान तिखट, समज चांगली, पण तोंडातून शब्द फुटत नाही. अशा पोरांना शिकवायला तालुक्याहून एक बाई येतात. पण पटावर नाव असेल तरच. आणि हेडमास्तर वामन शेलूकर नाव काढायला निघालेला.

का? तर हजेरी घेताना पोरगी ‘हजर’ म्हणत नाही. नाव घेतलं की उठून उभी राहते, तरी हा गैरहजर मांडतो.

मी हात जोडले, तर म्हणाला, “म्हातारबा, ही शाळा आहे. लुळीपांगळी गुरं पोसायचा पांजरपोळ नाही.”

पोरीच्या देखत.

हा माणूस रेवणबुवांचा शिष्य. दर गुरुवारी मठात नैवेद्य आणायचा आणि सगळ्यांच्या पुढं बसायचा. म्हणून मीही गुरुवारीच पोरीला घेऊन गेलो. दुसरं दार उरलंच नव्हतं. तिनं माझं बोट घट्ट धरलेलं. घाम तिच्या हाताला सुटलाय का माझ्या, कळत नव्हतं.

बुवांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग हेडमास्तरकडं वळले.

“खरं का रे?”

“नियम आहे, बुवा. ओ दिल्याशिवाय हजेरी कशी लावू? उद्या नाव काढतोय.”

बुवा उठले आणि त्यांच्या गुरूंच्या समाधीजवळ जाऊन बसले.

मला वाटलं, संपलं.

हेडमास्तर समाधीपुढं ताट ठेवायला वाकला. बुवांनी ताटाखाली हात आडवा धरला.

“आधी हाक मार.”

“कुणाला?”

“माझ्या गुरूंना. ओ दिली की ठेव.”

तो हसला. “बुवा, समाधी कशी ओ देईल?”

“मग गेले असतील कुठं तरी. ताट घरी ने.”

...

ताट त्याच्या हातात तसंच. वरणावर माशा बसायला लागल्या. त्याचा चेहरा लालबुंद. म्हटलं, आता हा राग पोरीवर काढणार.

“गेले असं कसं म्हणू?” तो म्हणाला. “आहेत ते, बुवा.”

“ओ न देता?”

त्यानं वाकल्या वाकल्याच मान पोरीकडं वळवली आणि हळूच हाक मारली.

“गोदावरी.”

पोरीनं माझं बोट सोडलं. उठून ताठ उभी राहिली.

हेडमास्तर बघत राहिला.

“बस, बाळ,” म्हणाला. “बाईंना उद्याच निरोप धाडतो.”

बुवांनी हात काढून घेतला. ताट खाली टेकलं.

तो गेला. माझ्याकडं न बघताच गेला, हे मला दिसलं होतं.

“बुवा,” मी म्हणालो, “पोरीचं झालं. पण मला पांजरपोळ ऐकवलं त्याचं काय? त्याला माफी मागायला लावा.”

“नको.”

“का नको? मी काय दगड आहे?”

बुवा समाधीवरची सुकलेली फुलं वेचत होते...

“असू दे ती माफी त्याच्या डोक्यावर. ते ओझं आहे तोवर पोरीकडं नीट बघेल तो वामन शेलूकर.”