शाल रडारला घाला

आमच्या शेजारच्या उज्ज्वलाताई धारप विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना वाट दाखवतात. परवा जुनं रडार अचानक बंद पडलं, तेव्हा आभाळातली सगळी विमानं त्यांनी वैमानिकांशी नुसतं बोलून सुखरूप उतरवली. म्हणून विमानतळाचे बडे साहेब त्यांच्या सत्काराला आले. मी पुढची खुर्ची आधीच धरली होती.

साहेब भाषणात म्हणाले, "मनोऱ्यातले लोक नवं रडार मागतात! खर्च केवढा, आणि फायदा काय? अपघात तर एकही नाही. जुनंच उत्तम आहे."

मग ते शाल घेऊन पुढे आले. ताई मागे सरकल्या.

"रडार उत्तम असेल, तर ही त्यालाच घाला, साहेब. ते बंद पडलं म्हणून तर माझा सत्कार! पुन्हा बंद पडलं आणि मी चुकले, तर विमानांतली माणसं जिवानिशी जातील."

साहेबांनी शालीची घडी केली.

"नवं बसवतो, मग घालतो."

"मग कशाला, साहेब? तेव्हा सत्कार करावा असं काही घडणारच नाही."