भांडी घासायची बिंबली

समुद्राच्या काठाला, माडांच्या सावलीत एक चिमुकलं गाव होतं. गावाची पायवाट जिथे संपते तिथे एका खोलीच्या घरात आवडी आपल्या आईबरोबर राहायची. आई पत्रावळी लावायची, आवडी पानं गोळा करायची. दोघींचं बरं चाललं होतं. पण आईला ताप आला, आणि ताप गेला तो जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला.

"आई, दोन घास पेज खा ना गं."

"नको बाळा. माती चावल्यासारखं वाटतं."

दहा दिवस हेच. वैद्यबुवा नाडी बघून म्हणाले, "ताप उतरलाय. पण पोटात अन्न जाईना, तर ही उठायची कशी?" ते ऐकून आवडी कोपऱ्यात बसून पोटभर रडली. मग डोळे पुसले आणि पेजेचं पातेलं घासायला घेतलं. रडून काही पातेलं स्वच्छ निघत नाही.

पातेलं पितळेचं. आणि त्या गावात पितळ घासायचं म्हणजे देवळामागच्या बागेतून बिंबली आणायची. काय ते झाड! फांद्या सोडून थेट खोडालाच फळं चिकटलेली. बोटाएवढ्या हिरव्यागार काकड्याच म्हणा ना, ऊन पडलं की पाचूसारख्या चमचम चमकायच्या. पण आंबट इतक्या की कुणी तोंडात घालायचं नाव काढत नसे. चोळायच्या, पातेलं लखलखलं की टाकायच्या उकिरड्यावर.

आवडीने एक बिंबली तोडली, तोच पानांत कुणीतरी हुंदका दिला. खोडावर एक इवलीशी परी बसली होती. हिरवा परकर, पोपटी पंख, केसांत बिंबलीच्या लालचुटुक फुलांचा गजरा, आणि नाक रडून रडून त्याहून लाल.

"घास! तूही भांडीच घास!" परी फणकारली. "मी एवढी जपून जपून फळं वाढवते, आणि गाव त्यांना उकिरडा दाखवतं!"

"चुकलं गं माझं. रडू नकोस." आवडीने आपल्या फाटक्या परकराच्या टोकाने तिचं नाक अलगद पुसलं.

परीचा राग निम्मा उतरला. "बरं, एक मागणं माग. पण अट आहे. आधी माझी बिंबली कच्ची खायची, आणि खाताना डोळा मिटायचा नाही. मिटला की मागणं गेलं. खा तू, मी पाठ फिरवते. मला नाही बघवत."

काय मागायचं ते आवडीला ठाऊकच होतं. आईच्या तोंडाची चव. तिने डोळे टक्क उघडले, बिंबली चावली, आणि अगं बाई गं! दात शिवशिवले, कान गरम झाले, अंगावर काटा आला आणि दोन्ही डोळे गच्च मिटले.

"झालं?" परीने पाठमोरीच विचारलं. "मिटला का डोळा?"

कुणी पाहिलं नव्हतं. एक 'नाही' म्हटलं की आई जेवणार होती. तो शब्द आवडीच्या ओठांवर आलाही होता. पण जिचं नाक आत्ताच पुसलं, तिला फसवायचं कसं?

"मिटला," ती मुसमुसत म्हणाली. "दोन्ही मिटले."

"मग मागणं गेलं."

आवडीने मान खाली घातली. आणि काय गंमत, तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं! पोटात भूक गुरगुरत होती. "परीताई, चार बिंबल्या नेऊ का? घासायला नाही हं. आमटीला."

"आमटीला?" परी गर्रकन वळली. "ने की! त्याला कशाला हवंय मागणं?"

आवडी धावत घरी आली. सुक्या मासळीच्या डब्यात मूठभर जवळा होता, तो भाजला. कांदा, दोन मिरच्या, खोबऱ्याचं वाटण आणि बिंबलीच्या चकत्या मडक्यात घालून चूल पेटवली. कढ आला आणि वास घरभर फिरला.

"कसला गं वास?" अंथरुणावरून आई म्हणाली. दहा दिवसांत तिने पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.

आवडीने पेजेतल्या भातावर आमटी वाढली. आईने नाइलाजाने एक घास घेतला. तिचा एक डोळा मिटला. मग दुसरा. जीभ टाळ्याला लागून 'टॉक' वाजली. "अगं, काय आंबट ढाण आहे हे!" म्हणत तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा. आवडी हसतही होती आणि रडतही होती.

खिडकीत परी येऊन बसली होती. "आवडे, माझी बिंबली खाऊन डोळा न मिटणारं माणूस अजून जन्मायचंय. खोटं बोलली असतीस तर मला तेव्हाच कळलं असतं." तिने पंख झटकले. हिरवा, सोनेरी, पोपटी उजेड अंगणभर सांडला आणि परी त्या उजेडात विरून गेली. जिथे उजेड पडला तिथे बिंबलीचं झाड उभं होतं, खोडभर फळांनी लगडलेलं.

"आई, बघ, बघ!" आवडी ओरडली.

आई ताटली बोटाने निपटत होती. "बघते गं नंतर," ती म्हणाली. "आधी सांग, मडक्यात अजून आहे का?"